८-१० इंची ल्युअर: मोठा बास मागे येतो, तोंड लावत नाही. काय चुकतंय?

ईस्टबेकर

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात ईस्ट बेमधल्या एका जलाशयावर, किनाऱ्यावरूनच, मोठ्या ल्युअरवर (खोट्या माशाच्या आमिषावर) लार्जमाउथ बास मासा धरायचा खटाटोप चालू आहे. पाणी नितळ आहे, आठ-दहा फुटांवरचा तळ दिसतो. हिवाळ्यात इथे ट्राउट सोडतात.

सामान असं: ७ फूट ३ इंची मिडियम-हेवी रॉड (त्यावर ३/८ ते १ औंस छापलंय), १५० साइजचं बेटकास्टर, १५ पाउंडी फ्लुरोकार्बन. ल्युअर दोन. एक ८ इंची हडलस्टन ट्राउट, मऊ प्लास्टिकचा, आरओएफ (बुडण्याचा वेग) १२. दुसरा ९ इंची, एका सांध्याचा ग्लाइडबेट (डावी-उजवीकडे सरकणारा ल्युअर), ४ औंसाचा.

अडचणी चार. कास्टच्या अर्ध्यात 'फट्' होऊन लाइन तुटते आणि ल्युअर एकटाच पुढे जातो. ग्लाइडबेटमागे चांगला थोराड मासा पायाशी येतो, बघतो आणि शांतपणे वळून जातो. हडलस्टनला धक्का जाणवतो, पण ओढलं की रिकामं. आणि त्याची शेपूट डब्यात राहून वाकडी झालीय.

शिवाय मूळ शंका: एवढं मोठं धूड लागतंच का?

---

डेल्टाकर

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या रॉडवरच छापलंय. २८ ग्रॅम (१ औंस) पेलणाऱ्या रॉडला तुम्ही ११३ ग्रॅम लटकवताय. रॉड पूर्ण वाकून बसतो, जोर देऊ शकत नाही, मग माणूस मनगटाने झटका देतो. झटक्याने स्पूल एकदम सुटतं, ल्युअर मात्र त्या वेगाने लाइन नेत नाही. रिळावर गुंता होऊन स्पूल जागच्या जागी थांबतं, आणि हवेतल्या ११३ ग्रॅमचा सगळा हिसका १५ पाउंडी लाइनवर येतो. ती तुटणारच.

रॉड ८ फुटी हेवी घ्या, छापील वजन निदान २ ते ६ औंस. महागडा नको, पण त्याचा मधला भाग वाकणारा हवा. नुसता काठीसारखा ताठ रॉड असेल तर ट्रेबल (तीन टोकांचा हुक) तोंडातून फाटून निघतो आणि मासा सुटतो. रील ३०० साइजचं. मोठं रील ताकदीसाठी नाही, जाड लाइन पुरेशी बसावी म्हणून लागतं. २५ पाउंडी मोनोफिलामेंट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, १५० च्या स्पूलवर ती एका लांब कास्टपुरतीच उरेल.

लाइनबद्दल माझं मत पक्कं आहे: नवख्याने २५ पाउंडी मोनो किंवा कोपॉलिमर वापरावी. ती ताणली जाते, त्यामुळे कास्टमधली चूक आणि मासा पायाशी उसळतो तेव्हाचा हिसका दोन्ही ती पोटात घेते. ब्रेड (विणलेली लाइन) लावायची तर ६५ पाउंडाच्या खाली जाऊ नका. बारीक ब्रेड जड ल्युअरच्या ओढीने स्पूलवरच्या आपल्याच वेढ्यांत रुतते, आणि पुढच्या कास्टला पुन्हा तेच 'फट्'.

कास्ट करताना ल्युअर टोकापासून दोन-अडीच फूट खाली लोंबता ठेवा. दोन्ही हात रॉडवर. मागे नेताना थांबू नका, मागून पुढे एकाच सलग गतीने, गोफण फिरवल्यासारखं. ब्रेक पहिल्या दिवशी जवळजवळ पूर्ण आवळा, जमेल तसे सोडा. टाकण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा. दोन ट्रेबलवाला ४ औंसाचा ल्युअर म्हणजे गंमत नाही.

गाठ: पॅलोमार इथे अडचणीची, कारण अख्खा ल्युअर फासातून काढावा लागतो. सॅन डिएगो जॅम किंवा युनी बांधा, ओली करून आवळा. दर तास-दीड तासाने शेवटचे दोन-तीन फूट बोटांतून ओढून बघा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा बांधा.

---

ट्राउटमागे

दुसऱ्या अडचणीला मी अडचण म्हणणार नाही. नितळ पाण्यात ग्लाइडबेटमागे मासा येणं हा अर्धा निकाल आहे. तिथे मासा राहतो, एवढं कळलं. प्रश्न शेवटच्या दहा फुटांचा.

बहुतेक लोक मासा दिसला की दचकून हँडल थांबवतात. ल्युअर निर्जीवासारखा तरंगतो आणि माशाला खोट कळते. किंवा मग एकसुरात ओढत राहतात. मासा मागून येतोय आणि ल्युअर काहीच दखल घेत नाही, हे खऱ्या ट्राउटचं वागणं नव्हे. करायचं असं: मासा दोन-तीन फुटांवर आला की अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याचे दोन झटके पटकन, आणि लगेच लाइन पूर्ण ढिली. ढिलीच महत्त्वाची. ताणलेल्या लाइनवर ग्लाइडबेट फक्त सरळ होतो. ढिली मिळाली तर आपल्याच वेगाने गर्रकन वळून माशाच्या तोंडासमोर येतो. बास तोंड लावतो तो बहुधा याच क्षणी. घरी जाण्याआधी पायाखालच्या पाण्यात हे वीस वेळा करून बघा. प्रत्येक ल्युअरचा झटका वेगळा असतो.

तरी वळून गेला तर तिथेच पंचवीस कास्ट मारू नका. मासा तो ल्युअर ओळखायला लागतो. जागा लक्षात ठेवा, निघून जा, आणि संध्याकाळी सूर्य टेकडीआड गेल्यावर किंवा वाऱ्याने पाणी सुरकुतलं की परत या. सपाट, आरशासारखं पाणी आणि भर दुपारचं ऊन असताना १० इंची ल्युअर टाकणं म्हणजे निव्वळ व्यायाम.

आता हडलस्टन. आरओएफवरचा आकडा म्हणजे दहा सेकंदांत ल्युअर किती फूट बुडतो ते. आरओएफ ५ ला १५ फूट खाली जायला ३० सेकंद लागतात, आरओएफ १२ ला साडेबारा. तुमचा १२ वाला बोटीतून खोल पाण्यात वापरायला छान. किनाऱ्यावरून तो थोडा हळू केला की दगडांत अडकतो, म्हणून तुम्ही भरभर ओढत असणार. आणि हा ल्युअर भरभर ओढायचा नाहीच. हँडलचा एक फेरा दोन-तीन सेकंदांत, शेपूट जेमतेम डुलेल इतकाच. वेग वाढवला की तो अंगावर कलतो. आरओएफ ५ घ्या, तळापर्यंत मोजून बुडवा, मग तळाच्या फूट-दोन फूट वरून उताराने चढवत आणा.

किनाऱ्यावर उभं राहण्यात तोटा नाही, उलट फायदा आहे. बास ट्राउटला खोल पाण्यातून किनाऱ्याकडे रेटतो आणि उथळात कोंडीत पकडतो. तुमचा ल्युअर नेमका त्याच दिशेने येतो. भूशिराचं टोक, जुन्या ओढ्याचं पात्र जिथे किनाऱ्याला लागतं ती जागा, धरणाच्या दगडी भिंतीचा कोपरा, बोट उतरवायच्या उताराजवळचं खोल पाणी, या जागा आधी. काठाला समांतरही टाका.

ट्राउट सोडायचं वेळापत्रक जलाशयाचे लोक आणि राज्याचा मत्स्य विभाग दोघेही जाहीर करतात, ते बघत जा. टाकीत वाढलेले ट्राउट सुरुवातीला जिथे सोडले त्याच भागात वरच्या पाण्यात घोटाळत राहतात. हॅचरीची गाडी येऊन गेल्यानंतरची पहिली संध्याकाळ आणि दुसरी पहाट सोडू नका.

---

ईस्टबेकर

धन्यवाद, दोघांनाही. म्हणजे रॉड बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. हडलस्टनच्या रिकाम्या धक्क्याचं काय? त्याला पाठीवर एकच हुक आहे.

---

दोनपदरी

उत्तर तुम्हीच दिलंत. हुक पाठीवर, आणि बास येतो बहुधा खालून किंवा मागून. पोटाला तोंड लावतो, हुक टाळूपर्यंत पोचतच नाही. पोटाखाली एक ट्रेबल जोडा.

लागेल ते: ८० पाउंडी मोनो किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली लवचिक तार, दोन क्रिम्प स्लीव्ह (दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या), १/० चा दणकट ट्रेबल, पक्कड. तारेचं एक टोक ल्युअरच्या नाकावरच्या कडीत ओवून क्रिम्प करा. दुसरं टोक ट्रेबलच्या डोळ्यात. लांबी मोजताना ल्युअर हातात वाकवून धरा. ट्रेबल पुढच्या आणि पोटावरच्या परांच्या मधे यायला हवा, आणि ल्युअर वाकला तरी तार ताणली जाता कामा नये. बोटाच्या पेराएवढी ढील राहू द्या. तार आखूड झाली तर नाक खाली ओढलं जातं आणि शेपूट हलायची बंद होते. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, आणि दोष ल्युअरला मिळतो.

ट्रेबलचं एक टोक पोटाच्या मऊ प्लास्टिकमध्ये हलकं टोचा, उरलेली दोन खाली. हलकं म्हणजे काट्याच्या अणीपर्यंतच. मासा लागला की ट्रेबल पोटातून निसटून मोकळा व्हायला हवा. मग जड ल्युअर बाजूला लोंबतो आणि माशाला डोकं झटकून तरफ मिळत नाही.

ग्लाइडबेटलाही हाच न्याय. हुकची कडी आणि ल्युअर यांच्यामध्ये छोटं बॉलबेअरिंग स्विव्हल घाला, म्हणजे मासा गिरक्या घेतो तेव्हा ट्रेबलही फिरतो, फाकत नाही. पण मग वजन वाढतं. बादलीत सोडून बघा: नाक किंचित खाली ठेवून आडवा, सावकाश बुडायला हवा. शेपूट आधी गेली तर पुढच्या हुकपाशी पोटावर शिशाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात. बादलीतलं पाणी तलावाइतकंच गार असू द्या. ५० फॅरनहाइटचं पाणी ७७ च्या पाण्यापेक्षा घट्ट असतं. ४ औंसाच्या ल्युअरवर तो फरक साधारण ०.३ ग्रॅमचा पडतो. उन्हाळ्यात सावकाश बुडणारा ल्युअर जानेवारीत तरंगताना दिसतो तो यामुळेच.

धक्का लागला की जिगसारखा (शिशाच्या डोक्याच्या छोट्या ल्युअरसारखा) वर झटका नको. हँडल फिरवत राहा, वजन जाणवलं की रॉड आडवा ओढा, तोही लांब आणि सलग. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक) पूर्ण आवळू नका.

शेपटीचं: पाणी उकळवा, गॅस बंद करा, शेपटीचा भाग वीस-तीस सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. ती पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. नंतर ल्युअर ज्या साच्याच्या पॅकिंगमध्ये आला त्यातच ठेवा. मऊ ल्युअर साध्या पारदर्शक डब्यात दुसऱ्या कंपनीच्या रबरी किड्यांसोबत टाकलात तर सहा महिन्यांत सगळ्याचा एक लगदा होतो, डब्याच्या तळासकट.

---

साधाजिग

सगळं खरं, पण मूळ शंकेला कोणी हात लावला नाही: एवढं मोठं लागतं का? नाही.

लार्जमाउथ बासचा जगातला बरोबरीचा विक्रम २००९ चा, जपानमधल्या बिवा सरोवरातला, मानाबू कुरिता यांचा. तो लागला जिवंत ब्लूगिल माशावर. सॅन डिएगो काउंटीतल्या डिक्सन लेकमधली २५ पाउंडांची 'डॉटी' २००६ साली धरली गेली ती पांढऱ्या जिगवर. हुक तोंडाबाहेर रुतला होता म्हणून ती विक्रमासाठी पाठवलीच नाही. टेक्सासचा १८.१८ पाउंडांचा विक्रम, लेक फोर्क, १९९२, क्रॅपी माशासाठी टाकलेल्या लहान मिनो माशावर. मोठा मासा मोठंच खातो, हा नियम नाही.

---

ट्राउटमागे

@साधाजिग, उदाहरणं बरोबर, निष्कर्ष अर्धा. मोठ्या ल्युअरमुळे मासा मोठा होत नाही. दिवसभरात लागणाऱ्या माशांतले लहान गळतात, एवढंच. तेही पूर्ण नाही, दोन पाउंडाचा पोरगाही १० इंची ल्युअरला भिडतो.

मोठं चालतं ते जिथे बासचं रोजचं जेवणच मोठं आहे तिथे. सॅन डिएगो भागात १९५९ मध्ये फ्लोरिडा जातीचा बास आणला गेला, तिथून तो राज्यभर पसरला. त्याच जलाशयांत हिवाळ्यात दहा-बारा इंची ट्राउट गाडीने ओतले जात होते. झपाट्याने वाढणारी जात आणि आयतं, चरबीयुक्त, पळता न येणारं अन्न. कॅस्टेक सरोवरातला राज्याचा २१ पाउंड १२ औंसाचा विक्रम १९९१ चा, त्याच काळातला. ट्राउटच्या आकाराचे ल्युअर दक्षिण कॅलिफोर्नियात बहरले ते या जेवणामुळे.

म्हणून ईस्टबेकर, तुमच्या जलाशयात ट्राउट सोडतात, तर नोव्हेंबर ते एप्रिल ट्राउटसारखाच ल्युअर टाका. उन्हाळ्यात पाणी तापलं की ट्राउट खोल जातात किंवा मरतात. तेव्हा तोच ल्युअर घेऊन बसू नका.

---

डेल्टाकर

याला जोडून: डेल्टात (सॅक्रॅमेंटो-सॅन वाकिन नद्यांच्या) किंवा क्लिअर लेकवर ट्राउटचा रंग कशाला? क्लिअर लेकमध्ये हिच नावाच्या चंदेरी माशाची पोटजात आहे, तिथलीच, इतरत्र न मिळणारी. तिथे लांबट चंदेरी ग्लाइडबेट चालवा. डेल्टाच्या पाणवनस्पतीत ब्लूगिलच्या आकाराचा ५-६ इंची ल्युअर ८ इंची ट्राउटपेक्षा मोठा घास वाटतो, कारण ब्लूगिल उंचीला जास्त असतो. घशात काय मावतं ते लांबीवर नाही, उंचीवर ठरतं. बारा इंची ट्राउट सडपातळ, सहज जातो. आठ इंची ब्लूगिल अडकतो.

सुरुवातीला पैसे वाचवायचे असतील तर ६.७५ इंची एस-वेव्हर १६८ घ्या. दीड औंसापेक्षा थोडा जड, ४ औंसापर्यंतच्या कुठल्याही रॉडवर चालतो, आणि ग्लाइडबेटचं वळण शिकायला यापेक्षा सोपा ल्युअर नाही.

---

ओत्सुकर

बिवाचं नाव निघालं म्हणून. कॅलिफोर्नियात 'धरा आणि सोडा' हे पुण्यकर्म, इथे शिगा प्रांतात २००३ पासून बिवामधला ब्लॅक बास आणि ब्लूगिल पाण्यात परत सोडायला बंदी आहे. किनाऱ्यावर मासे टाकायच्या पेट्या ठेवलेल्या असतात. २००५ पासून देशभरच तो उपद्रवी परकी जात ठरला, जिवंत नेणंही गुन्हा. बास मुळात १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला गेला. जपानला फिरायला येऊन गळ टाकणार असाल तर त्या प्रांताचा नियम आधी वाचा.

ल्युअरबद्दल एकच: मोठे जपानी ग्लाइडबेट फार हळू चालवायला बनवलेले असतात. दर हँडलला डावी-उजवीकडे एक-एक फूट सरकू द्या. थरथरायला लागला तर तुम्ही घाई करताय.

---

जाळीवाला

मासा लागल्यावरचं कोणी लिहिलं नाही, आणि किनाऱ्यावर घोळ तिथेच होतो. जाळी आधीपासून पसरून ठेवा. रबराचा लेप असलेली, मोठ्या तोंडाची, लांब दांड्याची. सुती जाळीत दोन ट्रेबल अडकले की मासा, जाळी आणि तुमचं बोट एकाच गाठीत. वायर कापायची दणकट कटर खिशात हवीच. हुक रुतला तर आधी तो कापा, ओढाताण नको.

आठ-दहा पाउंडांचा बास जबड्याला धरून आडवा करू नका, जबडा निखळतो. एक हात जबड्याला, दुसरा ओला हात पोटाखाली. वजन जबड्याला काटा अडकवून नको, जाळीसकट करा आणि नंतर जाळीचं वजा करा. काटा नसेल तर इंचांत लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले ८००. लांबी २६, घेर २० असेल तर बरोबर १३ पाउंड. टेक्सासमध्ये १३ ला महत्त्व आहे. जानेवारी ते मार्चमध्ये तेवढा मासा धरलात तर तिथला राज्य विभाग शेअरलंकर योजनेत प्रजननासाठी उसना घेतो.

परवाना: कॅलिफोर्नियात १६ वर्षांपासून पुढे लागतो, आणि २०२३ पासून तो घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. शिवाय त्या जलाशयाचा दिवसाचा पास वेगळा असू शकतो. पुढेमागे छोटी नाव घेणार असाल तर डेल्टात ऑक्टोबर २०२४ मध्ये गोल्डन मसल शिंपला सापडल्यापासून अनेक जलाशयांनी नावांची तपासणी आणि विलगीकरण कडक केलंय. फाटकावरून परत यायचं नसेल तर आधी फोन करा.

---

ईस्टबेकर

खूपच मिळालं. ८ फुटी हेवी, ३०० चं रील, २५ पाउंडी मोनो, आरओएफ ५, असं ठरवलं. जाता जाता: डिसेंबरात अलिबागला जाणं आहे. हेच ल्युअर खाडीत जिताड्याला चालतील का?

---

दोनपदरी

आकार चालेल, जिताडा तोंडाने काही कमी नाही. पण खाडीचं पाणी गढूळ, तिथे गुपचूप सरकणाऱ्या ग्लाइडबेटपेक्षा शेपूट थडथडवणारा ५-६ इंची स्विमबेट बरा. तळ्यासाठीचे हुक आणि कड्या खाऱ्या पाण्यात एका दिवसात गंजतात, त्या बदलून दणकट खाऱ्या पाण्याच्या लावा. जिताड्याच्या गालाच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून पुढे ६० पाउंडी मोनोचा दोन फुटी लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) हवा. आणि संध्याकाळी सगळं गोड्या पाण्यात खळखळून धुवा, रीलसकट.